नुकसानभरपाईचा अर्ज

नाव: आयवार ब्रेक्कान. वय एकसष्ट.
होडी: गुन्वोर.
मुक्काम स्येरव्हिका, फ्योर्डच्या तोंडाशी सात घरं,
त्यातल्या चारांत दिवा लागतो.

नुकसान: हॅलिबटची जाळी, नग चार,
बोये, दोर, आणि जाळ्यात जे काही असेल ते.
कारण:
इथे मी पेन खाली ठेवलं.
'देवमासा' लिहिलं तर विम्याची बाई हसेल.
खरं लिहिलं तरी हसेलच.

नोव्हेंबर होता. सूर्य मावळून गेलेला,
तो आता जानेवारीशिवाय यायचा नाही.
जाळी सोडून मी कॉफी ओतत होतो
आणि तिसऱ्या बोयाचा लाल दिवा चालायला लागला.
प्रवाहाच्या उलट, उत्तरेला,
चरून घरी निघालेल्या गाईच्या चालीनं.
मग बुडाला.

अर्ध्या तासानं रेडिओवर तटरक्षकांचा पोरगा,
हसू ओठांत दाबून:
'तुझी जाळी सापडली, आयवार.
एका पंख्यात गुंतली आहे.
पंखा कुणाचा, ते विचारू नकोस.'

विचारलं नाही. पण माझा भाचा टगबोटीवर असतो,
आणि मासा साफ करताना माणसं बोलतात.
तीस वर्षं इंधन भरावं लागत नाही म्हणे तिला.
(माझी डिझेलपंपावरची उधारी
त्याच्यापुढे मी काढली नाही.)
श्वासाची हवा ती समुद्रातूनच काढते,
पिण्याचं पाणीही.
संपतात ते फक्त बटाटे.
बटाटे संपले की वर यायचं.

'आणि काम काय करतात खाली?'
'दुसरीच्या मागे चालतात.
ती वळली की वळायचं, थांबली की थांबायचं,
आठवडेच्या आठवडे, तिला चाहूल लागू न देता.
आणि एखाद्या दिवशी कागद आला, की...'
वाक्य त्यानं पुरं केलं नाही.
सुरी माशाच्या पोटातून फिरवली
आणि आतडं बादलीत टाकलं.

रबराची कातडी आहे तिला, आवाज गिळणारी.
आत एक जण नुसता ऐकत बसतो.
कोळंब्यांची चटचट, बर्फाचं कण्हणं,
कुठलं जहाज कुठल्या पायानं लंगडतं,
सगळं त्याच्या नोंदीत.
'तूही असशील त्यात, मामा.
तुझ्या तिसऱ्या सिलिंडरचा तो खोकला
मेलेल्यालाही ऐकू जाईल.'

मी हात धुतले. पाणी फार गार होतं.

तो खोकला आणखी एकीला माहीत होता.
होडी सुळक्याला वळसा घालायची,
आणि इकडे ती बटाटे चुलीवर चढवायची.
मी दार ढकलेपर्यंत साल सुटायला आलेली.
एकदाही चुकली नाही.
चार हिवाळे झाले,
स्वयंपाकघराला आता कान नाहीत.

म्हणजे काळ्या पाण्याखाली, तीनशे फुटांवर,
हेडफोन लावलेला कुणी परका पोरगा
हल्ली माझी वाट ओळखतो.
मग त्यानं ऐकलं का, त्या रात्री?
ऐकून आला, की न ऐकता?
दोन्हींतलं कुठलं बरं, माझं ठरत नाही.

पण इंजिन तर बंद होतं. मी कॉफी ओतत होतो.
आणि जाळं बोलत नाही.
जगातले सगळ्यांत तिखट कान,
आणि गुंतले ते मुक्या दोऱ्यात.

काल मेकॅनिक येऊन गेला.
व्हॉल्व्ह बदलू का, म्हणाला, तासाभराचं काम आहे.
म्हटलं, राहू दे.

शेवटचा रकाना: अन्य मागणी असल्यास.
तिथे मी आधी काहीतरी लिहिलं, मग खोडलं.
खोडलेलं वाचता येतं, पण विम्याची बाई
इतक्या बारकाईनं बघणार नाही.